जांभळाच्या मशीनने धरलेला डूख

मी एक जुनी मशीन आहे, जांभळाचा गर काढणारी. बदलापूरजवळ सोनिवलीत कौसाबाईच्या पडवीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, झालं गेलं विसरून जावं असं तुम्हाला मोठी माणसं सांगत असतील. मला नाही जमलं बुवा! मी तब्बल तीन वर्षं एका माणसावर डूख धरून बसले होते. त्याचं उट्टं कसं निघालं, ते ऐकाच.

त्या माणसाचं नाव संतोष. त्यानेच मला घडवलं, अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये. त्याच्या हातात कसब होतं, खोटं कशाला बोलू? पण कान मात्र कौतुक ऐकण्यापुरतेच होते. माझ्या पोटात त्याने जाळीचा गोल डबा बसवला आणि त्यात स्टीलची चार पाती. वरून जांभळं टाकायची, पाती फिरायची, गर जाळीतून खाली आणि बिया बाजूने बाहेर. ऐकायला किती सोपं!

मला मागवलं होतं सोनिवलीच्या अकरा बायकांनी. जांभूळ झाडावरून उतरलं की दुसऱ्या दिवशी नासायला लागतं. दर वर्षी निम्म्या पाट्या उकिरड्यावर जायच्या, आणि त्या फेकताना बायकांचा जीव तुटायचा. कौसाबाईची नात किर्ती म्हणाली, गर काढून गोठवला तर वर्षभर विकता येईल. सगळ्यांची आशा एकट्या माझ्यावर होती.

मी आले त्या दिवशी काय थाट! हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. आमच्याकडे नारळ फोडलेल्या मशीनला त्या दिवशी कोणी नावं ठेवत नाही, अपशकुन होतो म्हणतात. आणि संतोषने नेमकी त्याच दिवशी माझी पहिली चाचणी घेतली! पहिला पेला देवापुढे ठेवला. बाकीच्या रसात मूठमूठ साखर घालून तो पाहुण्यांना वाटला. "एक नंबर!" "तोडलंस भावा!" तोंडात पेढा असताना दुसरं कोण काय बोलणार?

कौसाबाई बोलली. तिचा सगळा जन्म जांभळाखाली गेलेला. एक घोट घेऊन तिने पेला खाली ठेवला.

"बाला, तुझी मशीन बी ठेचतंय. रस तुरट झाला. जांभूल चोलायचा आसतं, ठेचायचा नाय."

संतोष हसला. "आजी, तुम्ही जांभळं वेचा. मशीनचं आम्ही बघतो."

सगळे खो खो हसले. म्हातारी उठून आत गेली. मला मात्र माझ्या पोटातली ती चार पाती टोचायला लागली.

आठवड्याने उल्हासनगरचे एक सरबतवाले शेठ आले. त्यांनी बिनसाखरेचा रस मागितला, एक घोट घेतला आणि अंगणात थुंकले. "साईं, ये जामुन है के दवाई?" आल्या पावली ते परत गेले. त्या वर्षीही पाट्या उकिरड्यावर गेल्या. आणि संतोषने काय केलं? "ही मशीनच साली खटारा निघाली," म्हणून मला सणसणीत लाथ घातली. अहो, पाती त्याची, हट्ट त्याचा, आणि खटारा मी! पुढे त्याने किर्तीचा फोन घेणंही सोडलं.

मग मी बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी पडून राहिले. कोंबड्या माझ्या डब्यात अंडी घालायच्या. लाथेचा पोचा पोटावर घेऊन मी तेव्हाच शपथ घेतली, कधी ना कधी या संतोषला त्याचाच रस पाजीन.

तिसऱ्या वर्षी किर्ती बाळकाकांना घेऊन आली. ते कारखान्यात यंत्रांची हत्यारं घडवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी वही उघडली आणि बायकांना म्हणाले, "कौतुक अजिबात नको. काय वाईट आहे तेवढंच सांगा."

झालं! अकरा तोंडं एकदम सुटली. मशीनचं तोंड उंच आहे, हात पोचत नाही. धुताना बोट कापतं. बी फुटतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण काकांनी माझे पाय आखूड केले, कडा घासल्या, पाती काढून जाड रबराच्या पट्ट्या लावल्या.

"काका, निम्मा गर बियांसंगं चाललाय," कौसाबाई म्हणाली.

आता दुसरी लाथ, मला वाटलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. रबर नरम पडलं." आणि पुन्हा पाना हातात घेतला. असं चार वेळा उघडलं त्यांनी मला. चौथ्या वेळी बिया अख्ख्या बाहेर पडल्या आणि कौसाबाईने बोट चाटलं. मग तिने आणखी रसासाठी पेला पुढे केला.

किर्तीने शेठना पुन्हा बोलावलं. ही खबर संतोषला लागली, आणि तो आपली नवी चकचकीत मशीन टेम्पोत घालून हजर झाला. तिच्याही पोटात तीच स्टीलची पाती! एकाच पाटीतली निम्मी जांभळं तिच्यात, निम्मी माझ्यात. शेठनी माझा रस एका दमात संपवला. "वाह साईं! सीझन का पूरा माल मेरा!" किर्तीने आजीला मिठीच मारली. मग शेठनी संतोषचा पेला उचलला, ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"शेठ, यात साखर नाही ना, म्हणून," संतोष म्हणाला.

कौसाबाईने तोच पेला उचलून त्याच्यासमोर धरला. "तूच पी."

मित्रांनो, या पठ्ठ्याने पाच मशिनी बनवल्या होत्या, पण बिनसाखरेचा रस एकदाही चाखला नव्हता! पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"सगला," कौसाबाई म्हणाली.

त्याने मुकाट्याने सगळा प्यायला. आहाहा! माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू! आणि वर कौसाबाई म्हणाली, "बाला, तू मशीन बनव. जांभलाचा आमी बघतो." अकराही बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

संतोष मान खाली घालून म्हणाला, "आजी, तेव्हाच मला नीट सांगायचं ना."

"सांगितला होता," कौसाबाई म्हणाली. "तू पेढा खात होतास."

हल्ली तो वही घेऊन येतो आणि बायकांचं ऐकून घेतो. तेव्हा मित्रांनो, तुम्ही काही नवं घडवलंत तर नारळ फोडण्याआधी ते एखाद्या कौसाबाईच्या हाती द्या. ती नावं ठेवील. ठेवू द्या. आणि चूक तुमची असेल तर यंत्राला लाथ घालू नका, त्याला धुऊन पुसून नीट ठेवा. यंत्रं विसरत नाहीत. संतोष मला उघडायला वाकला की अजूनही मी त्याच्या शर्टावर एक तरी थेंब उडवते. जांभळाचा डाग, घासत बसतो बिचारा!