डिक्शनरीताई

खिडकीतून गोळ्यांची पट्टी परत आत सरकली.

"बाई, माझी रक्तदाबाची गोळी पांढरी असते. ही गुलाबी कशी काय?"

म्हाताऱ्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं कुतूहल होतं. तिने पट्टीवरचं नाव वाचलं. ती मधुमेहाची गोळी होती.

"चुकलं आजोबा, थांबा हं," म्हणून ती मागे वळली आणि कप्प्यांच्या भिंतीसमोर उभीच राहिली. पांढरी कुठे असते? इस्पितळाच्या या औषधखिडकीवर तिची सव्वीस वर्षं गेली होती. डोळे बांधून सोडलं असतं तरी तिचा हात नेमक्या कप्प्यात गेला असता. उगाच नव्हत्या सगळ्या नर्सेस तिला डिक्शनरीताई म्हणत. आणि आज ती भिंत परक्याच्या घरासारखी वाटत होती. मिनिटभरच. मग हात आपसूक तिसऱ्या रांगेत गेला आणि पांढरी पट्टी सापडली.

मोठ्या साहेबांनी आतून सगळं पाहिलं होतं.

"होतं असं, ताई. माणूसच आहोत आपण. चार दिवस रजा घ्या, जरा दाखवून या."

ते ओरडले असते तरी चाललं असतं. पण हा मऊ आवाज तिच्या ओळखीचा होता. शेजारपाजारचे तिच्या आईशी याच आवाजात बोलत.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या हरवल्या, मग गॅस उघडा राहू लागला, मग माणसं पुसली गेली. शेवटी एकच प्रश्न उरला. "हे आले का गं?" वडिलांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तिचा स्वतःचा नवराही अपघातात गेलेला, लेक दहा वर्षांची, आणि दिवसभर खिडकीवर उभं राहून तिच्या पायांचे खांब झालेले. "येतील गं," म्हणून ती वेळ मारून न्यायची.

एका रविवारी मात्र तिचा तोल सुटला.

"मेले ते! किती वेळा सांगू? मेले!"

आई मटकन खाली बसली. ऊर फुटेस्तोवर रडली. रडून थकली, विसरली आणि डोळे पुसत पुन्हा म्हणाली, "हे आले का गं?"

"मेले."

पहिल्या वेळी राग होता, हे तिने पुढे स्वतःला खूपदा समजावलं. पण दुपारपर्यंत राग कुठे उरला होता? तरी ती सांगतच राहिली. त्या एका दिवसात आई सहा वेळा विधवा झाली. संध्याकाळपर्यंत आई ते सगळं विसरूनही गेली. तिला मात्र तो रविवार सतरा वर्षं विसरता आला नव्हता. आता इतकं काही विसरायला होतंय, तर हे का जात नाही, असं तिला वाटून गेलं.

लेकीने हट्टाने तपासणीची वेळ घेतली, अर्ध्या दिवसाची सुट्टीही टाकली. डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढीच होती.

"मी पाच शब्द सांगते. थोड्या वेळाने विचारीन. घोडा, दार, निळा, चेंडू, कागद."

मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते तिने फटाफट केलं.

"आता ते शब्द सांगा बरं."

"घोडा... कागद..." हजारो औषधांची नावं ज्या तोंडाने घडाघडा म्हटली, ते तोंड उघडंच राहिलं. "दार."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि खुर्ची किंचित लेकीकडे वळवली. "यांना रात्री झोप लागते का?"

"लागते," तिनेच उत्तर दिलं. डॉक्टरीणबाईने मान हलवली, पण पाहिलं लेकीकडेच.

निष्कर्ष असा काही निघालाच नाही. दगदग असेल, वय असेल, किंवा सुरुवात असेल. सहा महिन्यांनी पुन्हा या. तोवर खिडकीवर एकट्याने काम नको.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. लेक फाइलीतले कागद उगाच पुन्हा पुन्हा नीट लावत होती.

"तुला आजी आठवते?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! आठवते की."

"एकदा मी तिला फार छळलं होतं. एका रविवारी..."

"माहीत आहे मला. मी आतल्या खोलीत होते."

इतक्या वर्षांत लेक याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

"तू कामावर गेलीस की मी तिला सांगायचे," लेक म्हणाली, "आजोबा केस कापायला गेलेत, तिथे गर्दी आहे. मग ती म्हणायची, बरं झालं, फार वाढले होते. आणि गप्प बसायची."

दहा वर्षांच्या पोरीला जमलं होतं ते! ती हसायला गेली, पण हसू ओठांतच मोडलं.

"हे बघ, उद्या मीही असं काही विचारत बसले, तर..."

"आई, पुरे! काही झालेलं नाही तुला." आवाज चढलेला लेकीलाच जाणवला. ती ओशाळली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यातली माझी बदली... रद्द करून घेऊ का?"

"नको," हे उत्तर तिच्याकडे तयार होतं. बदलीचं पत्र आलं त्या दिवसापासून ती ते मनात घोकत होती. पण ते तोंडातून निघायला क्षणभर उशीर झाला, आणि तो क्षण लेकीने पाहिला.

"नको. वेडी आहेस का?"

"बरं," लेक म्हणाली. दोघींचाही त्या "बरं"वर विश्वास बसला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. आठवडाभर नीट न झोपलेली लेक दुसऱ्याच थांब्यापाशी पेंगली आणि हळूहळू तिचं डोकं आईच्या खांद्यावर टेकलं. तिने ओढणीचं टोक धरून लेकीच्या तोंडावरचं ऊन अडवलं.

पाण्याची टाकी गेली. शाळेची भिंत गेली. मग बस थांबली, कंडक्टरने थांब्याचं नाव पुकारलं, दोन माणसं उतरली. आपला थांबा आलेला तिला नीट कळला होता. ती हलली नाही. कंडक्टरने घंटी वाजवली आणि बस पुढे निघाली.