आई आहेत घरात

लग्न ठरलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती आणि लोकांनी तिच्या लग्नाचा विषय काढणंसुद्धा सोडून दिलं होतं. वडिलांचं आजारपण काढण्यात वर्षं निघून गेली. वडील गेल्यावर ती दादाच्या घरातल्या आतल्या खोलीत राहायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन वहिनीच्या हाताखाली राबायचं.

अशात हे स्थळ आलं. परदेशात मालट्रक चालवणारा बिजवर, मूलबाळ नाही, आधीची बायको आजारानं गेलेली. दादा म्हणाला, "उशिरा का होईना, गंगेत घोडं न्हातंय. नाही म्हणू नकोस."

ती नाही म्हणाली नाही. लग्नाला नवऱ्याकडून एक चुलतभाऊ तेवढा आला होता. "आईंना प्रवास झेपत नाही," असं नवऱ्यानं सांगितलं होतं. लग्नानंतर पंधरवडाभर राहून नवरा परत गेला. तिची कागदपत्रं व्हायला दीड वर्ष लागलं, आणि तेवढा काळ संसार फोनवरच झाला. नवरा मुळातच मुखदुर्बळ. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "हो." इथेच गाडी अडायची. मग तो म्हणायचा, "ठेवतो आता, आई झोपल्यात."

तिला त्याचं भारी कौतुक. "स्वतःच्या आईला अहोजाहो करतात, वहिनी. किती वळण आहे बघा."

वहिनी म्हणाली, "आईला अहोजाहो करणारा बायकोला काय करेल गं? मुजरा?"

दोघी पोट धरून हसल्या होत्या.

विमानतळावर नवरा कामाच्या जाकिटातच आला होता. त्यानं तिची बॅग घेतली, "थंडी वाजते का?" विचारलं आणि घर येईपर्यंत पुढे काही बोलला नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक म्हातारी शाल पांघरून बसली होती. तिच्या डोक्यावर भिंतीला एका हसऱ्या बाईचा फोटो होता. ही पहिली, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

ती वाकली. "नमस्कार करते, आई."

म्हातारीनं पाय मागे घेतले. जावयाकडे बघून म्हणाली, "हीच का? माझ्या लेकीच्या जागेवर आणलेली?"

ती वाकलेली तशीच राहिली. एवढे दिवस फोनवर ऐकलेलं 'आई झोपल्यात', 'आईंना बरं नाही' एकदम कानात घुमलं. आपल्या आईला कोण असं म्हणतं? असं सासूलाच म्हणतात. दीड वर्ष आपण ऐकत होतो आणि एवढं साधं आपल्याला कळू नये!

स्वयंपाकघरात तिनं नवऱ्याला गाठलं. "सांगितलं का नाहीत?"

"आई आहेत घरात, हे सांगितलंच होतं."

"कुणाच्या, ते नव्हतं सांगितलं."

तो नळाकडे बघत राहिला. "सांगितलं असतं तर आली असतीस?"

ती ओट्याला टेकली. तो हळूच म्हणाला, "एकुलती एक मुलगी त्यांची. तिकडचं घर मोडून इथे आल्या, आणि वर्षभरात ती गेली. आता त्यांना कुठे टाकू? मी आठवड्यातले चार-पाच दिवस रस्त्यावर असतो. एकट्या पडतात."

"मग लग्न कशाला केलंत? बाई ठेवायची होती."

"इथे बाई ठेवणं परवडत नाही," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. विचारलं म्हणून त्यानं खरं ते सांगितलं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गेला.

मग सुरू झालं दोघींचं. तिनं डबा उचलला की म्हातारी म्हणायची, "तो तिचा डबा आहे." कपाट उघडलं की, "ते तिचं कपाट आहे." एकदा भातात मीठच नाही म्हणून ती शोधायला लागली, तर मिठाची बरणी म्हातारीच्या उशाशी निघाली. बाहेर जावं तर तिथली भाषा येत नाही. दुकानात बोटानं दाखवायचं आणि मान हलवायची. आठवडा आठवडा ती या म्हातारीखेरीज कुणाशी बोलत नव्हती, आणि म्हातारी बोलायची ते टोचायलाच. दादाचा फोन आला की ती सांगायची, "मजेत आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची.

एके दिवशी म्हातारीच्या चष्म्याची काडी निखळून पडली. म्हातारी चाचपडत रडकुंडीला आली, पण हिच्याकडे काही मागेना. शेवटी हिनंच चष्मा हातात घेतला, निसटलेला स्क्रू सतरंजीवर शोधून काढला, सुरीच्या टोकानं बसवला, कानामागची वळणंही नीट केली. कधीच्या मळलेल्या काचा पदरानं पुसून तिनं तो म्हातारीच्या नाकावर ठेवला.

म्हातारीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मला वाटलं होतं तू गोरी असशील," ती म्हणाली.

"तुमची निराशा झाली म्हणायची."

"झाली. चहा टाक."

त्या दिवसापासून दोघी रोज भांडायला लागल्या. चहात साखर किती, भाजी चिरायची कशी, पडदा उघडा की बंद. पण आता ते घरातलं भांडण होतं. भांडायला तरी आपल्या भाषेतलं माणूस आहे, म्हणून दोघीही ते लवकर मिटू देत नसत. नवरा आला की दोघींच्या मध्ये बसून मुकाट्यानं जेवायचा.

एकदा भाजी निवडताना म्हातारी म्हणाली, "तो वाईट नाही हो. पण लाकडाशी संसार करावा तसं आहे. माझी लेक फार बडबडी होती. इथे येऊन मुकी झाली. फोनवर मला म्हणायची, आई, तू ये गं, बोलायला कुणी नाही. मी म्हणायची, अगं, घर सोडून कशी येऊ? घर कुठे पळून जाणार होतं? आले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती." म्हातारीनं एक कुजकं पान बाजूला टाकलं. "तू आपली भांडत जा. त्याच्याशीसुद्धा."

हिवाळा अर्धा सरला तेव्हा म्हातारीनं अंथरूण धरलं. खोकला छातीत उतरला. नवऱ्यानं डॉक्टर आणला, औषधं आणून दिली आणि कामाला गेला. एका दुपारी ती पेज घेऊन गेली, तर म्हातारीचा श्वास घरघरत होता. "आई! अहो आई!" म्हातारीनं डोळे उघडले, तिचं मनगट धरलं, आणि ते धरलेलंच राहिलं.

तिनं शेजारचं दार बडवलं. शेजारीण आली. हिला शब्द सापडेना. आत बोट दाखवून ती नुसती "आई, आई" म्हणत राहिली. शेजारणीला ते कळलं. तिनं फोन केला, माणसं आली, त्यांनी हिला काहीबाही विचारलं आणि हिनं सगळ्याला मान हलवली. ते म्हातारीला घेऊन गेले.

नवरा दुसऱ्या दिवशी पोहोचला. सगळं उरकल्यावर घरी आला, खिडकीपाशी त्या खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडला. तिनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती पाण्याचा पेला घेऊन जवळ उभी राहिली. तो म्हणाला, "आता माझं कुणीच राहिलं नाही."

ती पेला हातात घेऊन तशीच उभी होती.

संध्याकाळी तिनं दादाला फोन लावला. दादा हळहळला, त्यानं नवऱ्याची चौकशी केली. तिनं विचारलं, "मी परत आले तर?" मग दादा म्हणाला, "ये की चार दिवस. तुझी खोली आता मुलांच्या अभ्यासाला दिली आहे, पण करू काहीतरी." चार दिवस म्हटल्यावर तिला पुढचं समजलं.

आठवड्यानं नवरा आपणहून म्हणाला, "तुला जायचं असेल तर तिकीट काढून देतो. आता तुला थांबवायला काही कारण नाही."

"मी कारणासाठी आले नव्हते," ती म्हणाली. "मी नवऱ्याकडे आले होते."

तिनं ताटं वाढली आणि समोर बसली. "आता बोला."

"काय बोलू?"

"काहीही. काय भरलं होतं गाडीत?"

"कांदे," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "येताना खोकी. कसली ते नाही माहीत." तिनं नजर हटवली नाही, तेव्हा त्यानं आणखी सांगितलं: घाट कुठे लागतो, तिथे धुकं असलं की गाड्या कशा रांगेनं उभ्या राहतात, थांबल्यावर आत किती गार होतं. पाठ केलेला धडा म्हणावा तसं तो सांगत होता. मग तेही संपलं. दोघांच्या ताटातला भात गार झाला होता.

"एवढंच," तो म्हणाला.

"बरं. उद्या पुढचं सांगा."

"उद्या निघायचंय मला. शुक्रवारी येईन."

"मग शुक्रवारी," ती म्हणाली आणि ताटं उचलून नळाखाली ठेवायला गेली.