द्राक्षमळ्याची तालीम

आमचे हे साबणाच्या कारखान्यात सुगंध जुळवतात. घरात दूध तापत ठेवलं की त्याच्याकडे कुणी बघत बसत नाही, ते काम ह्यांच्या नाकाचं. बाहेर पेपर वाचता वाचता हे ओरडणार, "अगं, दूध!" आणि उतू जायच्या आत मी पोचणार. लग्नापासूनची ही रीत.

मागच्या तापात ते नाक गेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. कारखान्यात हे जुन्या प्रमाणाने, वजनावर माल घालतात आणि गप्प बसतात. ही गोष्ट फक्त आम्हा दोघांना ठाऊक. बाहेर कळली तर नोकरी गेलीच, आणि मग घर, आमच्या लेकीची, चिमीची शाळा, सगळंच.

अशात मालकांनी सहल काढली. द्राक्षमळ्यांच्या भागात चार दिवस, दोन्ही कुटुंबं मिळून. "तुमचं नाक बरोबर असल्यावर वाईन कोणती घ्यायची ही चिंताच मिटली," म्हणाले. आणि आमच्या ह्यांनी चक्क मान डोलावली! घरी येऊन म्हणतात कसे, "नाही म्हटलं असतं तर संशय आला असता." आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

मग आमची तालीम सुरू झाली. टेबलावर नकाशा. कुठे उतरायचं, कुठला मळा आधी. लोक सहल ठरवताना खुशीत असतात, आम्ही चोरांसारखे कुजबुजत होतो. तळघरातल्या पिंपांपाशी मालक पेला पुढे करणार, तेव्हा मी शेजारी राहून आधी हुंगायचं. कानातल्याला हात लावला तर फळाचा वास, घड्याळ चाचपलं तर लाकडाचा. "आणि डोकं खाजवलं तर?" ह्यांनी विचारलं. "तर मलाही कळलेलं नाही," मी म्हटलं. हसू आलं दोघांनाही, आणि पुन्हा नकाशावर वाकलो.

शनिवारी दुपारी चिमी आतल्या खोलीत झोपली होती. मी टेबलावर तीन वाट्या मांडल्या: व्हिनेगर, कॉफी, संत्र्याची साल. थोडं तरी परतलंय का, ते ह्यांनी डोळे मिटून बघायचं. शेगडीवर मंद आचेवर दूध ठेवलं आणि "लिंबं घेऊन आलेच" म्हणत मी खाली दुकानात गेले. दुधाचं मनातही आलं नाही. इतक्या वर्षांची सवय.

परत येताना जिन्यातच गॅसचा वास आला. मी धावत सुटले. दूध ओट्यावरून ओघळत होतं, खालची ज्योत विझलेली, आणि हे शेगडीकडे पाठ करून, डोळे मिटून, वाटी नाकाशी धरून बसलेले. चाहूल लागली तसे उठले. "दमलीस ना? चहा टाकतो," म्हणत वळले आणि ओट्यावरचा लायटर उचलला.

"नका! हात काढा!"

मी कशी किंचाळले ते माझं मला माहीत. शेगडी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, चिमीला उचलून जिन्यात आणलं. "झोपू दे ना गं," ती कुरकुरली.

हे मागून आले आणि पायरीवर बसले. तोंड पांढरंफटक.

"मला काहीच नाही आलं गं," म्हणाले. "ती आत झोपली होती, आणि मला काहीच नाही आलं."

तेवढ्यात ह्यांच्या खिशातला फोन वाजला. मालक. "काय मग, मळ्यावरच्या खोल्या पक्क्या करू ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा हात आपसूक कानातल्याकडे गेला. ह्यांनी मान हलवली आणि तो हात धरून खाली घेतला.

"साहेब, आधी एक ऐका. मला वास येत नाही. त्या तापापासून."

ह्यांनी चिमीच्या केसांत नाक खुपसलं आणि तसेच फोन धरून थांबले. नोकरी जाईल ही भीती मला होतीच, पण आता ती दुसऱ्या नंबरची होती.