आक्कांचा पायरव

आक्का येत तेव्हा आवाज होत नसे, उजेड हलत असे. दारातून आत आलेली उन्हाची चौकट क्षणभर मोडायची, पुन्हा जुळायची, आणि आपण मान वर करेपर्यंत पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा. अशा या माझ्या सासूबाईंच्या नावावर मी एका सकाळी हरणालाही दमवतील एवढ्या उड्या जमा केल्या आणि सासुरवाडीत पेढे वाटायच्या बेताला आलो.

झालं असं की कोल्हारला, प्रवरेच्या काठी, देवळामागच्या सभागृहात साठी ओलांडलेल्या बायकांचा व्यायामवर्ग भरायचा. वर्ग घेणारी ऋतुजा फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेत होती. गाण्याच्या तालावर म्हातारी माणसं एरोबिक्स करतात, तेव्हा पाऊल जमिनीवर पडताना अंगाला नेमका किती धक्का बसतो, हे मोजणं हा तिचा अभ्यास. कमरेला पट्टा, पट्ट्यात काडेपेटीएवढं यंत्र. पाऊल पडलं की यंत्राला कळायचं आणि मागाहून संगणकाच्या पडद्यावर त्याची रेघ उमटायची. हलकं पाऊल म्हणजे टेकडी, जोराचं म्हणजे डोंगर. मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे ही भाषा मला लगेच कळली. निदान कळली असं वाटलं. एकदा मी आक्कांना वर्गाला घेऊन गेलो होतो, आणि वर्ग संपल्यावर त्यांचा पट्टा ऋतुजाला द्यायचा राहिला. तो मी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून श्रीरामपूरला घरी आणला आणि दुसऱ्या सकाळी तिला पोचता केला. दुपारी तिचा फोन आला, "काका, आजींनी कमाल केली! अशी रेघ मी तरुण मुलींचीसुद्धा पाहिली नाही." मी ही बातमी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, अशा थाटात सांगितली की जणू त्या उड्या मीच बसवून घेतल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. या खेपेला ऋतुजाचा आवाज उतरलेला होता. "काका, पट्टा घेऊन तुम्ही कोणत्या रस्त्यानं गेलात?"

ते सगळे डोंगर आमच्या रस्त्यातल्या खड्ड्यांचे निघाले. ते वगळल्यावर आक्कांच्या वाट्याला जी रेघ उरली, ती पौषातल्या प्रवरेच्या पाण्यासारखी होती: सपाट, निवांत, कुठेतरी पुसटशी लहर. इतर बायकांबरोबर त्यांनी सगळं केलं होतं, हात वर, पाऊल पुढे, पाऊल मागे. पण त्या तासाभरात त्या कोल्हारच्या जमिनीला लागल्याच नव्हत्या.

ही गंमत नव्हती, हे मला जरा उशिरा कळलं. आदल्या वर्षी आक्कांचं मनगट मोडलं होतं, तेही नुसतं दाराच्या चौकटीला धरून तोल सावरताना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडं आतून विरळ झाली आहेत, जुन्या लुगड्यासारखी. औषधं होतीच, पण ऋतुजाचं म्हणणं असं की हाडाला थोडा धक्काही लागतो. फार आपटलं तर मणका दुखावेल, आणि मुळीच आपटलं नाही तर हाडाला कळणारच नाही की या बाईला अजून आपली गरज आहे. त्या दोहोंच्या मधली जागा प्रत्येकीची वेगळी, आणि तीच शोधण्यासाठी ते कमरेचं यंत्र. इकडे घरात माझ्या मेव्हण्यानं पुण्याहून निकाल देऊन टाकला होता: आई एकदा जरी पडली, की कोल्हारच्या तिच्या एकटीच्या घराला कुलूप. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आक्कांनी तेवढी डोलावली नव्हती. त्या मला म्हणाल्या होत्या, "पाव्हणं, मला हितंच राहू द्या. सांगाल ते करते. पडनार न्हाई मी." आणि त्या वयात पहिल्यांदा पातळाखाली पांढरे बूट घालून त्या सभागृहात उभ्या राहिल्या होत्या.

किती छोट्या होत्या त्या! गोऱ्या नव्हेत, सावळ्याही नव्हेत; उसाचा रस काहिलीत उकळून गुळाकडे झुकू लागतो, त्या क्षणीचा जो रंग, तो त्यांचा. कपाळावरचं गोंदण वयाबरोबर निळं व्हायचं सोडून हिरवं होत चाललेलं. हात सतत कशाला तरी सारखं करत असायचे: पदर, सतरंजीचा कोपरा, ताटातल्या भाकरीची कड. बोलणं इतकं हलकं की शेवटचा शब्द आपणच मनात पुरा करून घ्यायचा. आश्विनातल्या उन्हात, सभागृहाच्या उंच खिडक्यांतून येणाऱ्या धुळीच्या सोनेरी खांबांमधून त्या पुढे-मागे होत, तेव्हा धूळसुद्धा त्यांच्यापेक्षा जड वाटे.

मी रजेच्या, सुट्टीच्या सकाळी त्यांना सोडायला जाई आणि दाराशी खुर्ची टाकून बसे. त्या वर्गात पुरुष म्हणून मी एकटा, आणि पोट म्हणून सर्वांत पुढे, त्यामुळे चेष्टेला मी आयता सापडे.

"आजी, टाच टेकवा," ऋतुजा सांगायची. "जोरात. आवाज आला पाहिजे."

"टेकिवली की."

"मला नाही ऐकू आली."

"तुमी लांब हाय ना, बाई."

"लांब कशाची?" शेजारच्या शेवंताबाई, आक्कांच्या जुन्या मैत्रीण, कमरेवर हात ठेवून म्हणायच्या. "मी तर खेटून उभी हाय. मला बी न्हाई आली. मांजर बरं हिच्यापरीस."

मीही माझं शहाणपण पुढे केलं. "आक्का, कुणाचा तरी राग आठवा आणि आपटा पाय."

"कुनाचा आठवू?"

"सासूचा!" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या.

"सासू बिचारी कवाच गेली. आता तिच्या नावानं पाय आपटला तर मलाच पाप."

"मग जावयाचा आठव," शेवंताबाई म्हणाल्या. "समूरच बसलाय आयता."

आक्कांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "त्यांचा काय राग येनार? त्यांनी कधी काई केलंच न्हाई."

त्या दिवशी सभागृह कितीतरी वेळ हसत होतं, आणि मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या वाक्याचा अर्थ मी दोन-तीन प्रकारे लावून पाहिला आणि कोणताही मला फारसा सोयीचा वाटला नाही.

पुढच्या एका सकाळी वर्ग संपल्यावर ऋतुजा आक्कांजवळ पायरीवर बसली. लहानपणापासून असंच चालता का, असं तिनं विचारलं. आक्कांनी बुटांचे बंद सोडता सोडता सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत सांगत होत्या. "न्हाई गं. आमच्यात रातपाळी हुती." सासरे शुगर फॅक्टरीत होते, हे मला ठाऊक होतं. गळीत हंगाम सुरू झाला की ते रात्रभर कामावर आणि दिवसभर घरी निजलेले. घर म्हणजे पत्र्याची एकच खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच पाळणा, तिच्यातच त्यांचं अंथरूण. "पाय वाजला की ते उठायचं. उठलं की मंग त्या दिसाचं काई खरं न्हाई. म्हनून शिकले. पोरं बी शिकली." एवढंच. दूर कारखान्याचा भोंगा झाला आणि मळीचा आंबूस वास वाऱ्याबरोबर येऊन गेला.

सासरे जाऊन पुष्कळ वर्षं लोटली होती. पण त्या एका वाक्यानंतर मी आक्कांकडे पाहिलं की मला त्यांच्या भोवती ती पत्र्याची खोली दिसू लागली: भर दुपार, दारावर गोणपाटाचा पडदा, त्यातून गळणारा तपकिरी उजेड, श्वासांची संथ घरघर, आणि त्या घरघरीच्या कडेकडेनं, टाच न टेकवता, भांड्याला भांडं न लावता, अर्धं आयुष्य ओलांडून जाणारी एक बाई. मला त्यात निष्ठा दिसली. मृत माणसाची झोपही न मोडणारं प्रेम दिसलं. मास्तर लोकांना असं काही ना काही दिसत असतंच.

कार्तिकातली सकाळ होती. गाणं चालू होतं, बायका ओळीत होत्या, ऋतुजा टाळ्यांनी ताल देत होती, आणि आक्का नेहमीप्रमाणे हवेतून चालत होत्या. शेवंताबाईंचा संयम संपला. त्यांनी आक्कांचा दंड धरला आणि गाण्याच्या वर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "आक्के, तुझा मालक अजून निजलाय व्हय? उठिव की त्याला!"

आणि आक्कांची टाच जमिनीवर पडली.

तो काही फार मोठा आवाज नव्हता. पिकलेलं कवठ पारावर पडावं, तसा भरीव, एकटा. पण सभागृहाच्या भिंतींनी तो झेलला आणि परत केला. आक्का जागच्या जागी थिजल्या. त्यांची मान आपोआप दाराकडे वळली, खांदे किंचित आत गेले, हात पदराकडे गेला; आणि कुणाची तरी वाट पाहावी तशा त्या दाराकडे पाहत राहिल्या. दारात मी होतो, माझ्यामागे ऊन होतं, उन्हामागे नदी. कुणी उठलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, ओठ घट्ट मिटले आणि दुसरा पाय टेकवला. मग पहिला. ऋतुजानं टाळ्या थांबवल्या होत्या. गाण्याचा ताल आणि त्या पावलांचा ताल यांचा काही संबंध उरला नव्हता. हसायला सगळ्यात पुढे असणाऱ्या शेवंताबाई डोळे पुसत होत्या.

पुढचे दिवस मला रंगानं आठवतात. डाळिंबांच्या बागांवरचं तांबूस ऊन, उसाच्या तुऱ्यांची रुपेरी धार, आणि आक्कांच्या गालांवर चढलेली किंचित लाली. संगणकावरची रेघ आता टेकड्या घेऊ लागली होती, बुटक्या पण नेमक्या. ऋतुजाला जी मधली जागा हवी होती, तिच्यातल्या. सुनंदा एकदा माहेरी राहून आली आणि म्हणाली, "आई स्वयंपाकघरात चालते ते आता ओसरीवर कळतं." ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की धास्ती, मला ओळखता आलं नाही. मी ऋतुजाला विचारलं, हाडं भरली असतील का? ती शहाणी मुलगी. म्हणाली, "काका, हाडं महिन्यांत भरत नाहीत. वर्षं लागतात."

वर्षं नव्हती. पौषात एका धुक्याच्या सकाळी नळाजवळच्या ओल्या फरशीवरून आक्कांचा पाय सरकला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. मेव्हण्यानं पुण्याहून येऊन स्वतःच्या हातानं घराला कुलूप लावलं, आणि आक्का आमच्या श्रीरामपूरच्या फ्लॅटमध्ये, पूर्वेच्या खिडकीजवळच्या खाटेवर आल्या. त्या बऱ्या झाल्या नाहीत. आल्या त्या दिवसापासून त्यांनी कोल्हारचा विषय काढला नाही, आणि आम्ही त्यांच्या या न बोलण्यालाच समजूतदारपणा म्हणालो.

मग आमच्या घरानं एक सवय लावून घेतली. आजारी माणूस निजलंय म्हणून आम्ही चपला दाराबाहेर सोडायचो, दारं हातानं धरून मिटायचो, टीव्ही नुसत्या चित्रांपुरता लावायचो. मी तर माझा सगळा देह चवड्यांवर तोलून स्वयंपाकघरात जायचो. ते दृश्य कुणी पाहिलं नाही, हे बरंच. एका दुपारी असाच त्यांच्या खाटेजवळून सरकत होतो, तर डोळे मिटलेल्या आक्का म्हणाल्या, "वाजू द्या की पाय. मी निजल्याली न्हाई."

ऋतुजा भेटायला आली, तेव्हा तिनं त्यांचे तळपाय हातात घेतले. आक्काच तिला समजावत होत्या. "तुजं काई चुकलं न्हाई, बाई. फरशी वली हुती."

चैत्र लागला आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला मोहोर आला. त्या पांढऱ्या, कडवट सुगंधात, एका पहाटे, आक्का गेल्या. नेहमीसारख्याच, उजेड जरासा हलला तेवढाच.

दहाव्याचे विधी प्रवरेच्या घाटावर झाल्यानंतर आम्ही दोघं कोल्हारच्या घरी गेलो. ओसरीवर पाचोळा साचला होता. आत शिरलो तशी माझी पावलं इतकी मोठ्यानं वाजली की मी शरमून थांबलो. मनात आलं, माणूस गेल्यावर घरात शांतता उरते असं आपण म्हणतो, पण शांतता तर ते माणूस हयातभर स्वतःजवळ ठेवून होतं. उरतो तो आपलाच आवाज, आणि पुढचा सगळा काळ तो ऐकत काढायचा असतो. हे मी सुनंदाला बोलून दाखवलं नाही. बाहेर पडताना, काहीतरी धीराचं बोलावं म्हणून, एवढंच म्हणालो, "शेवटी आपल्याजवळ होत्या गं. एकट्या नव्हत्या, तेवढंच समाधान."

सुनंदा कुलूप लावत होती. किल्ली फिरवून तिनं ते एकदा ओढून पाहिलं आणि माझ्याकडे न वळता म्हणाली,

"अहो, एकटं राहता यावं म्हणूनच तर ती पाय आपटत होती."