नमुन्याचा तांदूळ

पोकळ सळई गोणीत खुपसायची, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि थुंकायचे. एवढ्यावर तुम्ही माणसाचं वर्ष ठरवता. वर नमुना म्हणून दोन शेर काढून घेता. तो नमुना जातो कुठे, हे कोणी विचारत नाही.

हैबतीनेही विचारलं नाही. महाडच्या लेव्ही गुदामातल्या, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीच्या गुदामातल्या, साहेबाने दाणे थुंकले, "तिसरा नंबर. जाडा, ओलसर," असं कारकुनाला सांगितलं आणि नमुन्याची पिशवी शिपायाकडे दिली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याहून पहाटेच्या आधी गाडी जुंपली होती. आता ऊन उतरणीला लागलं होतं आणि बैलांच्या तोंडाला फेस वाळला होता.

"जाडा?" मागे उभी असलेली त्याची आई, बयाबाई म्हणाली. "रे हैबती, ती गोण आंबेमोहोराची हाय. सणाला ठेवलेला. जाडा कमी पडला म्हणून मीच भरला नं?"

"चल गो आये. लिवलं त्यांनी."

तिला त्याने भांडायला आणलं नव्हतं, जेवायला आणलं होतं. त्याचा बाप, गोमाजी, तांदूळ घेऊन महाडला यायचा आणि परतला की खानावळीचं जेवण सांगत बसायचा. वाफाळता भात, खाडीच्या मांदेलीचं कालवण, आणि पान रिकामं झालं की वाढपी विचारतो, अजून वाढू? बयाबाई चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. पन्नास वर्षं तिने घराला वाढलं. तिला तसं कोणी विचारलं नव्हतं. गोमाजी गेला, ते ऐकणंही गेलं.

गुदामाच्या पावतीला तास मोडला. खानावळीत ती बाकड्याच्या कडेला अवघडून बसली. ठेवणीतलं लुगडं तिने गुडघ्यांत गोळा करून धरलं होतं.

"नीट बसा आत्याबाई," सून तुळसा हसली. "आज चूल लोकांची. करपलं तरी तुमाला बोल नाय."

वाढपी आला. "कालवण आहे, पाव आहे. भात नाही. सोमवारी भात बंद, वरून हुकूम आहे."

"भात नाय?" हैबती म्हणाला. "दोन गोणी आताच टाकून आलो रे गुदामात."

"मग तिथेच जेवायचं होतं, पाव्हणं."

हैबतीने धुतलेले हात धोतराला पुसले. तुळसाने गाडीत खायला बांधलेली नाचणीची भाकरी सोडली. तिघांनी ती कालवणात बुडवली. बयाबाईने एक घास बराच वेळ चघळला.

"कालवण बरं हाय. मीठ कमी."

दुसरा घास तिने तोंडापाशी नेला आणि तसाच धरला. आतल्या पडद्याआडून वाफ येत होती. तिने तुळसाकडे पाहिलं. तुळसाचंही तोंड चावायचं थांबलं होतं. आठ दिवस दोघींनी उखळात कांडलेल्या तांदळाचा वास त्यांना कोणी सांगायला नको होता.

"आत्याबाई, जाऊ द्या," ती हळूच म्हणाली.

"आये, उठू नको." हैबतीचा आवाज थकलेला होता. "पुढल्या साली त्याच दारात यायचंय."

"माहीत हाय."

तिने घास खाली ठेवला, तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, पदर खोचला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. पडदा सारला.

आत साहेब जेवत होता. शेजारी शिपाई. गुदामातली पिशवी रिकामी होऊन खुंटीला लटकत होती. पानात बुटक्या, मऊ दाण्याचा भात होता, त्यावर तूप. हुकूम तुमचा आणि पानही तुमचंच. वाढपी भातवाढी घेऊन वाकला होता, तो तसाच थबकला.

बयाबाईने त्याच्या हातातून भातवाढी काढून घेतली. टोपातून भरली. मग पन्नास वर्षं घरात उभी राहायची तशी पानाशी उभी राहिली, एक दाणा सांडू न देता.

"साहेब, अजून वाढू?"

साहेबाच्या तोंडात घास होता. तो गिळावा की नाही, हे त्याला ठरवेना.

"सांगा नं," ती म्हणाली. भातवाढी तिने खाली घेतली नाही. "जाडा हाय, ओलसर हाय, तिसऱ्या नंबरचा हाय. वाढू?"