नियम क्रमांक चार

मला राग पटकन येतो, हे खेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. एसटी स्टँडसमोर माझा टायपिंगचा आणि संगणकाचा क्लास आहे, आणि माझ्या पाठीमागे मुलं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण त्या शुक्रवारी दुपारी आला तो राग निराळाच होता. शिकवणं अर्ध्यावर टाकून मी शटर निम्मं ओढलं आणि फोन हातात धरून नुसती उभी राहिले.

निमित्त एका पत्राचं. खांदवली ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांचं. लेटरहेडवर टाइप केलेलं, वर शिक्का, आणि त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला. ‘आमच्या संघातील राही हिचा विवाह दिनांक अकरा मे रोजी शिरवंडे येथे संपन्न झाला असून, स्पर्धेच्या नियम क्रमांक चारनुसार ती आता आमच्या गावची राहिलेली नाही. सबब रविवारच्या अंतिम सामन्यात पहिल्या पटावर तिच्याऐवजी चि. विनीत खेळेल.’ खाली सही मंडळाचे सरचिटणीस धोंडूभाऊ यांची. विनीत हा त्यांचा सख्खा पुतण्या, हे मात्र पत्रात लिहायचं राहून गेलं होतं.

ही स्पर्धा मी भरवते. ऑनलाइन बुद्धिबळ, एक गाव एक संघ. लॉकडाऊनमध्ये बसून बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा सुरू केली, आता तालुक्यातली बावीस गावं खेळतात. प्रत्येक गावाचे चार खेळाडू, चार पट. कोणी गावातून खेळतं, कोणी नालासोपाऱ्याहून, पण संघ गावाच्या नावाचा. दर रविवारी चार वाजता मी लॅपटॉप उघडते, जोड्या लावते आणि ज्यांचं नेट जातं त्यांची बोलणी खाते. जानेवारीत साखळी सामने सुरू होतात, एप्रिलमध्ये उपांत्य फेरी. मे महिन्यात लग्नं आणि आंबे, तेव्हा पट मांडायला कोणाला सवड नसते. म्हणून अंतिम सामना जूनमध्ये ठेवायचा, हे माझंच डोकं.

राही खांदवलीचा पहिला पट सांभाळायची. गावात रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर. ती तिथे छत्री उघडून बसायची आणि फोनवर खेळायची. चार वर्षांत ती फक्त तीन डाव हरली. यंदा उपांत्य फेरीत बाकीच्या तिघांना मिळून जेमतेम एक गुण मिळाला असताना तिने आपला डाव जिंकून सामना बरोबरीत आणला आणि मग जादा डावही जिंकून दिला. खांदवली अंतिम फेरीत पोचली ती तिच्या जिवावर, आणि आता तिलाच बाजूला सारून पुतण्याला गादीवर बसवायचं.

आणि तो नियम क्रमांक चार? तो मीच लिहिला होता. पहिल्या वर्षी एका गावाने पुण्याचा एक प्रशिक्षक ‘पाहुणा’ म्हणून घुसवला. मी भडकले. गावचा कोण आणि बाहेरचा कोण हे एकदा ठरवून टाकू म्हटलं, कोणाकडून तरी एका मंडळाची छापील घटना मिळवली आणि त्यातलं कलम जसंच्या तसं उतरवलं. नोकरीनिमित्त कुठेही राहिला तरी मुलगा गावचाच. मुलगी लग्नानंतर सासरच्या गावची. टाइप करताना माझी बोटं एकदाही अडखळली नाहीत.

धोंडूभाऊंना फोन लावला.

“धोंडूभाऊ, राहीला गाव सोडून महिना झाला. तुम्हाला पस्तीस वर्षं झाली. तरी तुम्ही गावचे आणि ती परकी?”

“म्याडम, नियम आमी नाय केला. तुमीच लिवलात,” ते शांतपणे म्हणाले. “आन् रागावताव कशाला? दिली ती तिकडची झाली. खेळू दे की तिच्या सासरच्यांकडून.”

“अंतिम सामना यूट्यूबवर दिसणार आहे, म्हणून विनीतची आठवण झाली ना?”

“आता पोराला पुडं आणायचा नाय तर कुनाला आणायचा?”

पुढचं मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

समोरचा संघ शिरवंड्याचाच होता, राहीच्या सासरचा. त्यांचा कप्तान समर्थ, तिचा दीर. मी त्याला विचारलं, तुमच्याकडून खेळवतोस का तिला?

“वैनीला? नको ओ म्याडम. आमची चार नावं ठरलीत. आन् समोर तिचं माहेर. हरली तर लोकं म्हनतील मुद्दाम हरली.”

“आणि जिंकली तर?”

“मग माहेरच्यांना काय तोंड दाखवील ती?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरली तरी हिची चूक आणि जिंकली तरी हिचीच. मी लॅपटॉप उघडला, नियमांचं पान काढलं आणि चौथा नियम निळा करून ठेवला. एक कळ दाबायची, संपलं. पण म्हटलं, आधी तिला तरी सांगावं.

राहीने फोन उचलला तेव्हा मागे मिक्सर चालू होता. मी एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काकू, तो नियम आता नका काढू.”

“का गं? तुझ्यासाठीच काढतेय ना!”

“म्हणूनच नको. सगळी गावं याच नियमात खेळली. आता मधेच बदललात तर म्हनतील, राहीसाठी बदलला. मग मी जिंकले तरी ते माझं नाय.”

बोलणं खरं होतं, म्हणून मी अधिकच चिडले. “तुला राग नाही येत?”

“येतो ना. पण माझा आजचा नाय. दोन वर्षांमागं मनस्वीचं लगीन झालं न् तिचं नाव गळलं, तेव्हापासनचा हाय. मागल्या वर्षी रुचिराचं गळलं. तेव्हा तुम्ही कुनाला फोन केलात, काकू?”

मिक्सर बंद झाला होता. “ठेवते, सासूबाई बोलावतायत,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मग मी जुन्या याद्या काढल्या. पहिल्या वर्षीची कुठे सापडली नाही. दर जानेवारीत मुलींची नावं, आणि पुढच्या जानेवारीत त्यातली काही नाहीत. गळालेल्या प्रत्येक नावापुढे शेऱ्याचा रकाना होता आणि त्यात मी स्वतः टाइप केलं होतं: ‘सोडले’. अकरा नावांपुढे ‘सोडले’. एकीनेही सोडलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या बक्षीस समारंभात मीच गळा काढून बोलले होते, लग्न झालं की आपल्या मुली खेळ सोडून देतात म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. धोंडूभाऊंवर ओरडणं सोपं होतं. त्या दुपारी मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

रविवारी अंतिम सामना नियमाप्रमाणे झाला. विनीतने चौदाव्या चालीला वजीर फुकट घालवला आणि मग नेट गेल्याचं नाटक केलं. शिरवंडे तीन-एकने जिंकलं. लगेच व्हिडिओ कॉलवर बक्षीस समारंभ. चाळीसेक चौकोन, कुठे एकटा खेळाडू, कुठे अख्खं घर कोचावर. धोंडूभाऊ प्रमुख पाहुणे, कारण चषक मंडळाने दिला होता. भाषणात ते पुतण्याच्या वजिराबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. शेवटी घसा खाकरून म्हणाले, “आपल्या मुली हुशार हायत. पन त्या मधेच खेळ सोडतात. त्यांनी पुडं आलं पायजे.”

गेल्या वर्षीचं माझंच वाक्य होतं ते. आता गप्प बसले तर मला कोणी माफ करू नये.

“कोणी सोडलं नाही,” मी माईक चालू करून म्हटलं. “मी काढलं. माझ्या नियमाने काढलं, आणि तुम्ही सगळ्यांनी तो बिनतक्रार पाळला, कारण तो तुमच्या सोयीचा होता.” मग मी यादी वाचली. नाव, गाव, पट, शेवटचं वर्ष. मनस्वी. रुचिरा. अकरा जणी, आणि बारावी राही. माझा आवाज चढला होता, त्याची मला लाज वाटली नाही. “पुढच्या जानेवारीपासून खेळाडू जे गाव स्वतः सांगेल ते तिचं गाव. लग्न झालेलं असो, नसो. ज्या मंडळाला पटणार नाही त्याने आपला संघ घरी ठेवावा.”

समर्थ खाली बघत होता. धोंडूभाऊंचा चेहरा लालबुंद झाला होता, पण ते तोंड उघडायच्या आत एका काळ्या चौकोनाची कड उजळली. त्यात कॅमेरा बंद होता, फक्त नाव होतं: चिमा.

“काकू, बारा नाय, तेरा,” बाईचा आवाज आला. “पयल्या वर्षीची यादी तुमच्याकडं नसंल. मी होते तिच्यात. लगीन झालं न् गळले.”

“सूनबाई!” धोंडूभाऊ आपल्या चौकोनात मान वळवून आतल्या खोलीकडे ओरडले. “फोन बंद कर आदी! म्याडम, तिचा आवाज बंद करा!”

आवाज बंद करायचं बटण माझ्याकडेच होतं. मी धोंडूभाऊंचा बंद केला. त्यांचे ओठ हलत राहिले.

“बोल गं चिमा,” मी म्हटलं आणि पेन घेतलं. “कुठलं गाव लिहू?”