भिंगरीची खुन्नस

मी भिंगरी बोलतेय. जातीनं ससा, त्यात बाई. ससा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काहीतरी मऊ, भित्रं, गरीब येतं. गरीब गेलं खड्ड्यात! माझ्या अंगावर जितके केस आहेत तितका माझ्यात राग आहे, आणि तो कुणावर आहे हेही आधीच सांगून टाकते. दिग्विजयवर. त्यानं माझ्या बहिणीला मारलं आणि आळ भलत्याच माणसावर जाऊ दिला.

आमचा जन्म शिरवळच्या बाजूला एका शेडमध्ये झाला. तिथं ससे पाळत नाहीत, वजन भरेपर्यंत वाढवतात. मग एक माणूस येतो, कान धरून उचलतो आणि गाडीत टाकतो. गेलेला ससा परत आलेला मी कधी पाहिला नाही. आमचं नशीब बरं, म्हणून जयराज नावाच्या फौजीनं सुट्टीवर येताना आम्हा दोघी बहिणींना खोक्यात घालून थेट आष्ट्याला आणलं. बायकोला, संयोगिताला, सोबत म्हणून. सुट्टी संपली, तो गेला, आम्ही राहिलो. मी पांढरी, सारखी गोल पळायची, म्हणून भिंगरी. बहीण तपकिरी, साताऱ्याच्या पेढ्याच्या रंगाची, म्हणून कंदी.

पहिल्याच आठवड्यात संयोगितानं बाजारातली कोथिंबीर नाकाला लावली आणि टाकून दिली. "औषधाचा वास येतोय हिला. माझ्या पोरींना न्हाई घालायची." एक निळं पिंप उभं चिरून तिनं दोन टबं केली, बुडाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं. मेथी, कोथिंबीर, शेपू, मुळा. पुदिन्याला वेगळा डबा, कारण तो एकदा घुसला की कुणाला जागा ठेवत नाही. सगळं एकदम पेरायचं नाही, दर आठ दिवसांनी एक ओळ, म्हणजे रोज कोवळं मिळतं. खुडलेलं धुऊन फडक्यावर सुकवायचं, मगच आमच्यापुढं, कारण ओल्या पाल्यानं सशाचं पोट फुगतं. वाळलेलं गवत पोटभर आणि हिरवं मूठभर, हा तिचा कायदा. कंदीला तो मान्य नव्हता. तिचं संपलं की ती माझ्या वाट्यात तोंड घालायची. मी घालू द्यायची.

सासूबाई हरणाबाई ओसरीवरून बघायच्या. "माणसांना भाजी इकतची आन् सशांना घरची! काय जमाना आला गं बाई!" असं म्हणायच्या, आणि संयोगिताची पाठ वळली की मुळ्याचा पाला हळूच जाळीतून आत सरकवायच्या.

दिग्विजय हा संयोगिताचा धाकटा दीर. उसाचा सगळा कारभार त्याच्याकडं. मनानं चांगला आहे असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

उन्हाळ्यात संयोगिताची आई आजारी पडली आणि ती चार दिवस मलकापूरला निघाली. "भावजी, टबांना रोज तांब्यानं पाणी घाला आन् पोरींना गवत टाका तेवढं."

"घालतो की वहिनी. तुमी जावा निवांत."

पहिल्या दिवशी तो दोन्ही विसरला, आणि हरणाबाई त्या दिवसांत दिवसभर रानात होत्या. दुसऱ्या दिवशी उसात तणनाशक मारून आला तो पाठीवरचा पंप न उतरवताच टबांपाशी आला. या औषधानं उसाला काही होत नाही, पण रुंद पानाची कुठलीही भाजी वळून, पिळवटून मरते. हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत नसतं काय? त्यानं पंप उतरवला, एकदा पाण्यानं खळबळला, पुन्हा पाणी भरलं आणि मेथीवर फुस्स फुस्स मारत सुटला. "दोन मिन्टाचं काम! तांब्या घिऊन कोण बसतंय?" मग तीच ओली मेथी मुठीनं उपटून त्यानं आमच्यापुढं टाकली.

मला वास आला. मी मागं सरले आणि पाय आपटला. आमच्यात पाय आपटला म्हणजे धोका. कंदीनं ऐकलं नाही. दोन दिवसांची भुकेली होती ती. तिनं तिचं खाल्लं आणि माझंही खाल्लं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पोट आवळून दात खात बसली, आणि संध्याकाळी लवंडली.

एव्हाना टबांतली मेथी वाकडीतिकडी झाली होती. दिग्विजयनं ती बघितली, एकेक रोप उपटून उकिरड्यात पुरलं आणि वहिनीला फोनवर सांगितलं, "कंदी गेली, मेथी बी जळाली. ऊन लागलं असंल."

संयोगिता आली आणि कंदीच्या रिकाम्या कोपऱ्यात हात घालून रडली. "जाताना गडबडीत म्याच ओला पाला टाकला हुता. म्याच मारली तिला." दिग्विजय शेजारीच उभा होता. त्यानं काय म्हणावं? "जाऊ द्या वहिनी, हुतंय असं." माझं डोकं असं फिरलं की काय सांगू!

तेव्हापासून मी त्याचं काही ठेवलं नाही. चप्पल कुरतडली. मोबाईलची चार्जिंगची वायर तोडली, दोनदा. पण बोलणी बसायची ती संयोगितालाच. "आवर गं तुझ्या त्या कार्टीला," हरणाबाई ओरडायच्या. महिनाभरात संयोगितानं टबं पालथी घातली आणि जयराजला फोन लावला. "हिला शिरवळला परत दिऊ या. तितं जाणती माणसं हायत. माझा हात चांगला न्हाई."

जाणती माणसं! मी जाळीला धडका दिल्या. तिला वाटलं मला पाणी हवंय. रविवारी न्यायचं ठरलं.

मंगळवारी सकाळी मला अंगणात मोकळं सोडलं होतं. दिग्विजयनं तणनाशक कालवून पंप भरला, तुळशीशेजारी ठेवला आणि चहाला आत गेला. मी नळीला दात लावले. खोटं कशाला बोलू, त्याची पाठ पोळावी एवढीच माझी इच्छा होती. तो आला, पंप पाठीवर चढवला, आणि नळी फुटून पिचकारी उडाली ती तुळशीवर. त्यानं इकडंतिकडं बघितलं, तुळशीवर बादलीभर पाणी ओतलं, नळीला चिंधी बांधली आणि निघून गेला. तुळशीचं मला वाईट वाटलं. त्याचं नाही.

शुक्रवारी सकाळी हरणाबाई पाणी घालायला आल्या आणि किंचाळल्याच. "संयोगिता! काय वतलंस तुळशीला?"

"म्या न्हाई वो आत्या!"

हरणाबाईंनी वळलेलं पान चुरगाळून हुंगलं. चाळीस वर्षं उसात खुरपलेली बाई ती. "दिग्या! तणनाशक हितं कसं आलं रं?"

दिग्विजय तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. "मंगळवारी नळी फुटली. मुद्दाम केलं का म्या?"

"कवा तरी पंप धुतोस का रं मुडद्या? सगळं घर मारशील!"

"धुतो की! मेथीला मारताना बी धुतला हुता!"

त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"मेथीला?" संयोगिता म्हणाली. "कुठल्या मेथीला, भावजी?"

हरणाबाईंनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की माझे कान उभे राहिले. संयोगिता ओरडली नाही. "महिनाभर मी सोताला पापी म्हणतीया. तुमी रोज ऐकत हुता. एक डाव तरी तोंड उघडायचं." एवढं बोलून ती माझ्याजवळ आली, मला उचललं, आणि शिरवळचा विषय संपला.

हरणाबाईंनी निकाल दिला. टबं दिग्विजयनं लावायची. नवी माती त्यानं आणायची, दर आठवड्याची ओळ त्यानं पेरायची, पाणी तांब्यानं.

पंचवीस दिवसांनी पहिली मेथी आली. अंगणात कुणी नाही असं बघून तो जाळीपुढं उकिडवा बसला. "चुकलं माझं, भिंगरे." मी त्याच्या बोटाला कडकडून चावले. रक्त आलं. त्यानं हात मागं घेतला नाही.

तुम्ही म्हणाल, माफी मागितली ना, आता सोड. ससा आहे मी, साधू नाही. मेथी आली की मी तिचे दोन वाटे करते. एक खाते. दुसरा कंदीचा. तो नाकानं जाळीपाशी ढकलते आणि दिग्विजयकडं पाठ करून बसते. संध्याकाळी तो सुकलेला वाटा त्यालाच उचलावा लागतो. रोज.

"अर्धी तर टाकतीया ती," संयोगिता म्हणते. "कमी घाला की भावजी."

तो कमी घालत नाही.